आभारात आलेलं नाव

जबलपूरला लोक भेडाघाट बघायला जातात. मी माफी मागायला गेले होते. भेडाघाटही झाला, खव्याची जिलबीही झाली. माफीचं मात्र काही धड जमलं नाही. आमच्या सांगलीच्या वाचनालयाच्या अंकात मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सहलीवर लिहिते. वाचणाऱ्या बायका विचारतात, काय खाल्लं, कुठं उतरलात, माणसं कशी होती. ते सगळं याही खेपेस सांगणार आहे, पण आधी जाण्याचं कारण सांगायला हवं.

मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. दुसुतीवर चौकटी मोजून फुली टाक्यानं मोर भरायचा, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर भरतकामाचे नमुने शोधता शोधता इंटरनेटवर मला एक वेगळंच दुसुतीचं कापड सापडलं. एक भलामोठा पांढरा फलक, त्यात लाखो बारीक चौकटी. जगातल्या कुणीही यावं आणि एक चौकट रंगवावी. एक रंगवली की पाच मिनिटं गप्प बसायचं, मग दुसरी. तुमच्या चौकटीवर दुसरा कुणीही आपला रंग फासू शकतो. म्हणजे एकट्यानं काही काढायला गेलात तर मोराची चोच होईपर्यंत शेपटी कुणीतरी पुसलेली असते. चित्र हवं असेल तर टोळी लागते, आणि टोळीनं आळीपाळीनं जागं राहावं लागतं. फलक चार दिवसच उघडा राहणार होता.

आमची टोळी त्रेचाळीस जणांची, सगळे मराठी बोलणारे, गावोगावचे, एकमेकांना कधी न पाहिलेले. फलक उघडायच्या कितीतरी महिने आधीच फोनवरच्या एका गटात जमलो. ज्यानं जो रंग धरला तेच त्याचं नाव. मी गुलबक्षी. आणि जबलपूरची एक बाई होती, ती शेवाळी.

काय काढायचं हे शेवाळीनंच सुचवलं. ती एका सरकारी कार्यालयात नकाशे काढायच्या विभागात होती. रोज ज्या रस्त्यानं ती कामाला जायची त्या रस्त्यावरच्या जुन्या चिंचांवर रस्ता रुंद करण्यासाठी चुन्यानं आकडे घातले गेले होते, तोडायचे आकडे. ती म्हणाली, एक चिंच काढू, खोडावर आकडा काढू, आणि आकड्याखाली लिहू ‘हाजिर’. मास्तरांनी हजेरी घेतल्यावर पोरगं म्हणतं तसं. मी म्हटलं, ‘हजर’ लिहू, एक काना आणि एक वेलांटी वाचेल, चौदा चौकटी कमी लागतील. ती म्हणाली, “ताई, झाडं इथली आहेत. इथले लोक हिंदी वाचतात न.” मग मी माझा आलेखाचा कागद काढला आणि ‘हाजिर’ बसवून दिलं.

ते चार दिवस मला आयुष्यात विसरता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी कुठून कोण आलं, आमच्या झाडावर काळा रंग ओतत सुटलं. आम्ही एकेक चौकट परत घेतली. कुणी वेलांटी सांभाळली, कुणी फांदी. झाडाखालची सावली पूर्ण शेवाळीची होती, तीन छटांची, आणि ती सावली होती म्हणूनच ते झाड उभं वाटत होतं. फलक बंद झाला तेव्हा आमची चिंच जागेवर होती. आठ दिवसांत जबलपूरच्या त्या रस्त्यावर लोक तेच चित्र कागदावर छापून झाडांपाशी उभे राहिले.

आता माझा पराक्रम. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही, आणि आमच्या वाचनालयात आभार मीच मानते. नाव, गाव, हुद्दा, सगळं सांगायचं. मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत कुणी राहता कामा नये. एकदा ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव राहिलं तर तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नव्हता. त्यामुळे नाव राहिल्यानं माणूस दुखावतो एवढंच मला ठाऊक होतं. घेतल्यानंही दुखावू शकतो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

टोळीतल्या सगळ्यांची खरी नावं माझ्याकडेच होती, कारण संक्रांतीला मी सगळ्यांना टपालानं तिळगूळ पाठवला होता. तिळगुळाची ती वही उघडली आणि चित्राखाली लांबलचक आभार लिहून टाकले. त्रेचाळीस नावं, गावासकट. शेवाळीच्या नावापुढं तर मी प्रेमानं तिचं कार्यालय आणि विभागही लिहिला. कुणाला विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं.

सहा दिवसांनी शेवाळीचा फोन आला. कुणीतरी त्या यादीचा कागद काढून तिच्या साहेबाच्या टेबलावर ठेवला होता, आणि तिला लेखी खुलासा मागितला होता. सरकारी नोकरानं असल्या चित्रात भाग कसा घेतला? “थांब, थांब,” म्हणून मी फोन ठेवला आणि दोन मिनिटांत तिचं नाव यादीतून काढून टाकलं. तिला कळवलं, “काढलं गं. काळजी करू नकोस.” तिचं उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी ती गटातून बाहेर पडली, आणि नंतर माझा फोन तिनं कधी उचलला नाही.

हे सगळं उन्हाळ्यातलं. डिसेंबरात मी तिळगुळाच्या वहीतला पत्ता घेऊन गाडीत बसले.

गोरखपूर

उतरले जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजारातल्या एका लॉजवर. सकाळी धुकं एवढं, की समोरच्या दुकानाची पाटी नऊ वाजता वाचता आली. खाली एकजण पोहे विकत होता. पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं नसलं तर सासू बोलते. इथं गोड जिलबी आणि तिखट पोहे एकाच घासात. मी नाक मुरडून खाल्ले आणि दुसरी प्लेट मागितली. ती काळसर, जाड, खव्याची जिलबी तर मी पहिल्यांदा जळकी समजून परत करायला निघाले होते. दुकानदार म्हणाला, “माताजी, खाके तो देखिए, फिर लौटाइए.” लौटवायला काही उरलं नाही.

पोट भरलं तरी पाय निघत नव्हते. बाजारात हिरव्या मटारचे ढीगच्या ढीग लागले होते, ते बघत उगाच अर्धा तास काढला. काय बोलायचं ते मी गाडीत चार वेळा घोकलं होतं, इथं एकही वाक्य आठवेना. शेवटी महाराजपूरला, तिच्या घराकडं, रिक्षा केली.

महाराजपूर

दार शेवाळीच्या मुलीनं उघडलं. कॉलेजातली, वीसेक वर्षांची. मी मराठीत नाव सांगितलं, तिनं हिंदीत विचारलं, “आप वो सांगली वाली आंटी हैं?” मी हो म्हटलं. ती दारातच उभी राहिली. मग बाजूला झाली, पाणी आणलं, चहा ठेवला. माझं सगळं तिला कळत होतं, पण उत्तर हिंदीतून येत होतं.

“मम्मी साढ़े पाँच बजे आती हैं. अब नक़्शे वाले सेक्शन में नहीं हैं. डिस्पैच में बैठा दिया है, दिन भर लिफ़ाफ़ों पे ठप्पा लगाती हैं.”

मी म्हटलं, “बाळा, मी तेवढ्यासाठीच आले आहे.”

“एक बार पूछ तो लेतीं, आंटी,” ती म्हणाली आणि आत गेली. तिचं काही चुकलं नव्हतं.

भिंतीवर तिच्या आईनं काढलेली दोन-तीन चित्रं होती, नर्मदेचा घाट, एक पांढरा खडक. कोपऱ्यातलं तिरकं टेबल मात्र इस्त्रीच्या कपड्यांनी भरलं होतं. नकाशे काढणाऱ्याचं टेबल ओळखू येतं. त्यावर कपडे बघून मला बसवेना.

शेवाळी आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुरी, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या. मला बघून ती उंबऱ्यातच थबकली.

“अग्गोबाई, ताई! तुम्ही? काहून फोन नाही केला? मी स्टेशनवर आली असती न!”

उन्हाळ्यापासून माझा फोन न उचलणारी बाई हे म्हणत होती. मी उठले, घोकलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं, “शेवाळी, मी तुझी...”

“चलो, ते मग. आधी जेवण. तुम्ही लॉजवर उतरल्या? माझं घर असताना?” तिनं मुलीला स्कूटीवरून माझी बॅग आणायला पाठवलंसुद्धा.

संध्याकाळी आम्ही परातीत मटार घेऊन सोलायला बसलो. मी सांगलीचं भडंग दिलं, तिनं मूठभर खाऊन ‘मस्त आहे’ म्हटलं. तिच्या सासरची माणसं पेशव्यांच्या काळात इकडं नोकरीला आली ती इथलीच झाली; कुलदैवत कोल्हापूरकडचं, पण तिनं कोल्हापूर एकदाच पाहिलेलं. मी दुसऱ्यांदा सुरू केलं, “ते आभाराचं मी जे केलं...” ती म्हणाली, “ताई, या मटारात आळ्या निघून राहिल्या बघा, जरा उजेडात धरा.” एकही आळी नव्हती. मला कळलं, तिला ते ऐकायचं नाही.

भेडाघाट

दुसऱ्या दिवशी रविवार. “पाहुणे भेडाघाट पाहिल्याशिवाय जात नाहीत, इथला कायदाच आहे,” असं म्हणून ती मला घेऊन निघाली. धुवांधारचा धबधबा खाली कोसळून वर धुरासारखा उठतो, आणि तो धूर माझ्या चष्म्यावर असा बसला की मी एका अनोळखी बाईचा हात धरून तिला “शेवाळी, सांभाळ” म्हणत दहा पावलं चालले. पुढं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शिवणबाईच्या पदराला सेफ्टी पिन नसेल तर ती शिवणबाई कसली; पिन लावून दिवस काढला.

मग नावेची फेरी. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, कुठं दुधासारखे, कुठं निळसर, मधून हिरवी नर्मदा. आमची कृष्णा पुरात अंगावर येते आणि उन्हाळ्यात हात वर करते. हिचं पाणी कसं घरच्या मोठ्या बाईसारखं, गडबड नाही. पण कड्यांपेक्षा मला नावाडी लक्षात राहिला. वल्हवता वल्हवता तो यमकं जुळवत होता. प्रत्येक खडकाला एक नाव, प्रत्येक नावाला एक टोमणा, आणि टोमण्यात दिल्लीपासून भोपाळपर्यंतचे सगळे पुढारी. कुणालाही त्यानं सोडलं नाही. नावेतली वीस-पंचवीस माणसं पोट धरून हसत होती.

किनाऱ्याला लागल्यावर माझी सवय उसळली. “भैया, आपका नाम क्या है?” मला सांगलीला जाऊन त्याच्याबद्दल लिहायचं होतं, नावानिशी.

शेवाळीनं माझं कोपर दाबलं. नावाडी हसला. “सब मल्लाह कहते हैं, अम्मा. नर्मदे हर!” आणि पुढच्या लोकांना घ्यायला लागला.

मी ओशाळले. हा माणूस दिवसातून दहा वेळा, भर उजेडात, पंचवीस परक्यांसमोर जे बोलतो त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा आमच्या चिंचेनं म्हटलं नव्हतं. त्याला कुणी खुलासा मागत नाही, कारण त्याचं नाव कुणी कुठं लिहिलेलं नाही. मी ते शेवाळीला बोलून दाखवलं. ती पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “उद्या मी तुम्हाला झाडं दाखवते.”

चिंचांचा रस्ता

सोमवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली. तिच्या स्कूटीवर मागं बसून मी त्या रस्त्यावर गेले. रस्ता खरंच रुंद झाला होता, नवा कोरा, मधोमध झेंडूच्या कुंड्या. कडेला ओळीनं खोडांचे बुंधे, गुडघाभर उंचीवर कापलेले. काहींवर चुन्याचे आकडे अजून दिसत होते. एकच झाड उभं होतं. त्याच्या बुंध्याशी कुणीतरी केव्हातरी शेंदूर फासून देव बसवला होता, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता.

“चित्रानं नाही वाचलं, शेंदरानं वाचलं,” ती म्हणाली. “आपण चुकलोच ताई. ‘हाजिर’ लिहायच्या ऐवजी शेंदूर लावायला पाहिजे होता.”

आम्ही त्या चिंचेखाली बसलो. आता तिनं मला थांबवलं नाही. मी सगळं म्हटलं. न विचारता तुझं नाव घातलं, कार्यालयाचं नावही घातलं, माझी चूक झाली, तुझी नकाशांची खुर्ची माझ्यामुळे गेली, मला माफ कर.

मग ती बोलायला लागली.

“नाव टाकलं त्याचा मला राग नाही आला. खरं सांगू? त्या दिवशी मी ती यादी किती वेळा वाचली. वीस वर्षं नकाशे काढून राहिली होती, खाली सही साहेबाची. चित्राखाली माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मुलीला दाखवलं, सासऱ्यांना दाखवलं.”

“पण मग तो खुलासा...”

“मी घाबरली नव्हती. उत्तर लिहून ठेवलं होतं. साधंच. माझ्या रस्त्यावरची झाडं आहेत, सुट्टीत घरी बसून काढलं, कोणाविरुद्ध एक शब्द लिहिला नाही. साहेब वाईट नाहीत. ते म्हणाले होते, असं लिहून द्या, ताकीद देऊन फाइल बंद करू. तुम्हाला फोन काहून केला? कोणाशी तरी बोलावं वाटलं. तुम्हीच तं होत्या.”

मी खाली पडलेला चिंचेचा पाला गोळा करत राहिले.

“तुम्ही फोन ठेवला आणि नाव काढलं. दुपारी साहेबांच्या वरचे साहेब आले. त्यांच्या हातात सकाळचा कागद, नाव असलेला. फोनवर यादी उघडली तं नाव नाही. मला म्हणाले, ‘कुछ ग़लत नहीं था तो मिटाया क्यों?’ मी काय सांगणार ताई? मी मिटवलं नाही म्हटलं तं कोणी मिटवलं, ते सांगावं लागलं असतं. तुमचं नाव घ्यावं लागलं असतं.”

एक ट्रक गेला, धूळ आमच्या अंगावर आली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

“मग मी घाबरली. ते उत्तर फाडलं आणि दुसरं लिहून दिलं. या चित्राशी माझा काहीही संबंध नाही. सही केली. त्याच्यानंतर घरी येऊन मी त्या टेबलावर बसली, पण हात चालला नाही.”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. नाव घातलं ते सवयीनं. ती चूक एक वेळ माणूस पोटात घालील. पण काढलं ते भीतीनं, तिला एक शब्दही न विचारता. दोन मिनिटं थांबून “तुला काय हवंय?” एवढं मी विचारायला हवं होतं. मी तिला वाचवत नव्हतेच. मी माझ्या हातून झालेलं डोळ्यांआड करत होते, आणि वर तिलाच सांगत होते, काळजी करू नकोस. मी तिला म्हटलं, “आज परत घालते. आत्ता, इथं बसून.”

“नाही न घालता येत आता,” ती म्हणाली. “मी लिहून दिलंय. परत आलं तं मी खोटी ठरते. ते नाव आता एकाच जागी आहे, ऑफिसच्या फाइलीत. माझं आणि चित्राचं नाव एकत्र, आणि मधे लिहिलंय की संबंध नाही.”

तिनं माझी पाठ थोपटली. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी मी, आणि थोपटत होती ती. “चला ताई, ऊन चढून राहिलं. मटारची कचोरी करायची आहे तुमच्या गाडीसाठी.”

परत

स्टेशनवर मुलगी सोडायला आली होती. तिनं जिलबीचा डबा दिला, वाकून नमस्कार केला, आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, “काकू, परत याल.” प्रश्न होता की आमंत्रण, ते तिच्या मोडक्या मराठीत मला समजलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. शेवाळी खिडकीशी होती. गाडी हलताना ती म्हणाली, “लिहाल तं लिहा, तुम्हाला सवय आहे. भेडाघाट छान लिहा. माझं नाव नका लिहू.”

तर मी लिहिलं आहे. तिचं नाव यात नाही. तिचं घर महाराजपूरला नाही, आणि आणखी काय काय बदललं आहे तेही सांगणार नाही. परवा वाचनालयाच्या कार्यक्रमात आभार मानायच्या आधी मी एकेकापाशी जाऊन विचारलं, “तुमचं नाव घेऊ का?” मांडववाला हसून म्हणाला, “बाई, हे काय नवीन? घ्या की.” सगळ्यांनी घ्या म्हटलं. विचारायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

प्रवासवर्णनाच्या शेवटी मी नेहमी ज्यांच्या घरी राहिले त्यांचे आभार मानते. या वेळी ते राहिले. ती चिंच इंटरनेटवर अजून आहे, सावलीसकट. कुणीही उघडून बघावी. खाली माझी यादी आहे, तिच्यात बेचाळीस नावं आहेत. चिंच आम्ही त्रेचाळीस जणांनी काढली होती.